स्थिर मानलेली जमीन

रुरकी विद्यापीठात 1966 साली भूकंप-अभियांत्रिकीची परिषद भरली होती. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातले एस. के. गुहा आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे एक निबंध मांडला. कोयना प्रकल्पाच्या शिवाजीसागर तलावाभोवती भूकवचात जी हालचाल दिसत होती, ती त्याचा विषय. धरणात पाणी साठू लागल्यापासून त्या भागात बारीक-मोठे धक्के बसत होते, ते तलावाच्या आसपासच एकवटत होते, आणि साठणाऱ्या पाण्याशी त्यांचे काही नाते असावे असे दिसत होते.

निबंध उघडपणे मांडला गेला आणि छापलाही गेला. पुढच्याच वर्षी, 11 डिसेंबर 1967 रोजी, सोमवारी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेची जमीन हादरली.

या घटनेकडे पाहताना आपली नजर आधी खलनायक शोधू लागते. कुणीतरी इशारा दडपला असेल, कुठल्या तरी साहेबाने फाइल दाबून ठेवली असेल. कोयनेत असा माणूस हाती लागत नाही. सगळे आपापल्या शास्त्राप्रमाणे बरोबरच वागत होते, आणि मला या गोष्टीत रस आहे तो त्यामुळेच.

त्या काळी भूगोलाच्या पुस्तकात काय होते ते आठवून पाहा. हिमालय हा तरुण, घडीचा पर्वत, अजून वाढतो आहे, म्हणून भूकंप तिकडे. शिलाँग 1897, कांगडा 1905, बिहार 1934, आसाम 1950: मोठ्या भूकंपांची ही यादी बहुतेक उत्तरेचीच होती. कच्छमध्ये 1819 साली मोठा भूकंप झाला होता, पण तो काठावरचा अपवाद. दख्खनचे पठार मात्र अचल. वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आणि खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट-नाइसचा पाया. भूगर्भशास्त्रज्ञांच्या भाषेत याचे नाव ‘स्थिर ढालप्रदेश’. हे मत कुणा एकाचे नव्हते. ते पाठ्यपुस्तकात होते, परीक्षेच्या उत्तरात होते आणि 1962 पासून सरकारी मानकातही आले. भारतीय मानक संस्थेने त्या वर्षी भूकंपाच्या दृष्टीने देशाचे पट्टे पाडणारी संहिता काढली. त्या नकाशात कोयनेचा भाग धोक्याच्या उतरंडीत अगदी तळाशी होता.

असा नकाशा तयार कसा होतो? पूर्वी कुठे भूकंप झाले याची यादी करायची, त्यांची तीव्रता मांडायची आणि त्यावरून रेषा ओढायच्या. जिथे नोंद नाही तिथे धोका कमी. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण नोंद नसण्याची कारणे दोन असू शकतात. एक, तिथे काही घडलेच नाही. दोन, जे घडले ते टिपायला तिथे कुणी नव्हते. सह्याद्रीच्या त्या दऱ्याखोऱ्यांत 1963 पूर्वी एकही भूकंपमापक बसलेला नव्हता. जवळचे यंत्र म्हणजे पुण्याच्या वेधशाळेतले. कोयनेतला बारीक हादरा तिथपर्यंत पोचून कागदावर उमटणे कठीणच होते. नकाशा काढणाऱ्यांना या भागाबद्दल ‘ठाऊक नाही’ एवढेच म्हणता आले असते. संहितेत त्यासाठी रकाना नव्हता. रकाने होते ते जास्त धोका आणि कमी धोका यांचे, म्हणून ‘ठाऊक नाही’ हे ‘धोका नाही’च्या घरात जाऊन बसले.

धरणाचे काम 1954 साली सुरू झाले होते. नुकत्याच जन्मलेल्या महाराष्ट्राला कोयना म्हणजे भाग्यरेषा वाटत होती, आणि ते साहजिकही होते. पूर्वेकडे वाहणारी नदी अडवायची, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचे, कोकणात पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सोडायचे, आणि त्या उतारावर मुंबईचे दिवे आणि कारखाने चालवायचे. धरणाची भिंत 103 मीटर उंच. 1962 पासून वीज मिळू लागली. तलाव भरायला लागला तशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि माणसे ठाणे, तेव्हाचा कुलाबा, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगली. त्यांच्या जमिनींचे खटले आणि मोर्चे पुढे दोन-तीन पिढ्या चालले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

राहिलेल्या लोकांना तलाव भरताना जमिनीतून आवाज ऐकू येऊ लागले. गडगडल्यासारखा आवाज, मागोमाग भांडी हलवणारा हलका हादरा. धक्क्यांची संख्या वाढत गेली तेव्हा तलावाभोवती भूकंपमापक बसवायचे ठरले, आणि ते काम आले खडकवासल्याच्या संस्थेकडे. 1916 साली स्थापन झालेली ही संस्था मुळात पाण्याची. नद्यांच्या प्रतिकृती करायच्या, त्यांत पाणी सोडून बंधारे आणि सांडवे कसे वागतात ते पाहायचे, हा तिचा पिढीजात व्यवसाय. कोयनेचा धोका ज्यांनी पहिल्यांदा टिपला ती माणसे भूकंपशास्त्राच्या मुख्य दरबारातली नव्हती, धरणाशी रोजचा संबंध असलेली होती. भूशास्त्राचा सिद्धांत पाठ असलेल्या माणसाला दख्खनमधला हादरा किरकोळ वाटेल. ज्याच्यापुढे एका बाजूला तलावाच्या पातळीची नोंदवही आणि दुसऱ्या बाजूला हादऱ्यांची नोंदवही आहे, त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल तो या दोहोंत काही मेळ आहे का, हाच.

बाहेरच्या जगात तोवर या प्रश्नाची थोडी चर्चा झाली होती. अमेरिकेत बोल्डर धरणामागचे लेक मीड भरताना धक्के बसले होते आणि कार्डर नावाच्या शास्त्रज्ञाने 1945 साली त्यावर लिहिले होते. आफ्रिकेतले करिबा, चीनमधले शिनफेंगजियांग, ग्रीसमधले क्रेमास्ता या जलाशयांभोवती साठच्या दशकात मोठे धक्के बसले. पण ही उदाहरणे विखुरलेली होती. प्रत्येक ठिकाणी ‘इथे मुळातच भूकंप होत असतील’ म्हणायला जागा होती. शिवाय बहुतेक ठिकाणी जीवितहानी फारशी झाली नव्हती, आणि ज्या धोक्याने माणसे मेलेली नाहीत तो परिषदेच्या पुढच्या सत्रापर्यंत थांबू शकतो.

13 सप्टेंबर 1967 रोजी कोयनेत पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला होता आणि पाण्याची पातळी बराच काळ उंच राहिली होती. सप्टेंबरचा धक्का आधीच्या गडगडाटांपेक्षा पुष्कळ मोठा होता. तरी तो मोठ्याची नांदी ठरेल असे छातीठोक सांगू शकेल अशी विद्या तेव्हा नव्हती, आजही नाही.

डिसेंबरच्या भूकंपाची तीव्रता सुरुवातीला साडेसहा सांगितली गेली, पुढच्या लेखनात बहुधा 6.3 सापडते. मुंबई, पुणे, गोवा, बेळगाव आणि त्याही पलीकडे माणसे झोपेतून उठून बाहेर आली. वीज गेली आणि मुंबई-पुण्याच्या भागातले कारखाने थांबले. सुमारे 180 माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातली बहुतेक घरे एक तर पडली, नाहीतर राहण्यालायक उरली नाहीत. प्रकल्पावर काम करणाऱ्यांच्या वसाहतीतल्या दगडी भिंती थंडीच्या त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. धरण उभे राहिले. ज्यावर हिशेबाचे कागद खर्ची पडले होते ते टिकले, आणि ज्या घरांचा हिशेब भूकंपाच्या नजरेने कुणीच मांडला नव्हता ती पडली.

धरण टिकले, पण त्याला तडे गेले. भिंतीचा माथा रुंद, मग खालच्या बाजूच्या उताराला एक मोड, आणि त्याखाली भिंत पायाकडे रुंदावत जाते. तडे नेमके त्या मोडाच्या आसपास, माथ्यापासून पस्तीस-छत्तीस मीटर खाली होते. वरच्या आणि खालच्या, दोन्ही अंगांना.

धरणाच्या पोटातल्या गॅलरीत जमिनीचा जोराचा हादरा लागला की आपोआप चालू होणारे एक यंत्र बसवलेले होते. पहाटेच्या त्या काही सेकंदांत ते चालू झाले आणि जमिनीचा वेग कसा बदलत गेला याची नागमोडी रेष त्याने लिहून ठेवली. भूकंपाच्या इतक्या जवळून मिळालेल्या नोंदी तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच होत्या. या रेषेवरचे सर्वांत उंच टोक गुरुत्वीय त्वरणाच्या 0.63 पट भरले. ते धरणाच्या लांबीच्या दिशेने होते. आडव्या दिशेने, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने, 0.49 पट.

आता धरणाच्या आराखड्यात काय धरले होते? 0.05. म्हणजे धरणाच्या वजनाचा पाच टक्के जोर आडवा लागेल असे समजून भिंत आखली होती. या दोन आकड्यांची अशी थेट तुलना करणे शास्त्रशुद्ध नाही. एक क्षणभराचे टोक आहे, दुसरे आराखड्यासाठी धरलेला सरसकट अंक. पण बारा पटींचा फरक पाहून कुठलाही अभियंता खुर्चीत सरळ बसला असेल. शिवाय जुन्या पद्धतीप्रमाणे हिशेब केला तर त्या मोडापाशी ताण येऊन तडे जायला नको होते. तडे मात्र नेमके तिथेच गेले होते. बर्कलीचे अनिल चोप्रा यांनी पुढे संगणकावर दाखवून दिले की धरण भूकंपात एकसंध ठोकळ्यासारखे सरकत नाही. ते वाकते, डोलते, आणि माथ्याकडचा भाग पायापेक्षा कितीतरी जोराने हलतो. एवढ्या वरच्या भागाचे हेलकावे मोडापाशीच्या बारीक मानेने पेलायचे, म्हणून तडा मानेला. आज जगात कुठेही धरणाच्या भूकंपी गणिताची नवी संगणकप्रणाली तयार झाली की तिची परीक्षा घ्यायला कोयनेची ती नोंद आणि कोयनेचे तडे वापरतात. धरण आहे त्या पाटण तालुक्यात कधी पाऊलही न टाकलेल्या विद्यार्थ्यांना या भिंतीचे माप पाठ असते. तडे बुजवले, आणि पुढे भिंतीला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ती भक्कम केली.

नंतर सुरू झाला कारणांचा वाद. सरकारने तज्ज्ञ समिती नेमली, युनेस्कोचेही तज्ज्ञ आले. प्रश्न एकच: हे पाण्यामुळे झाले का?

‘नाही’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. सत्तर-ऐंशी मीटर खोल पाण्याचा दाब म्हणजे सात-आठ वातावरणांएवढा. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब बाराशे-तेराशे वातावरणांच्या घरात जातो. हत्तीवर मुंगी बसली म्हणून हत्ती कोसळेल काय? त्यांचे म्हणणे असे की लाव्हाच्या थरांखाली जुने विभंग, म्हणजे खडक तुटल्याच्या रेषा, असणार, कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची रांगच त्याची साक्ष देते, आणि तलाव निव्वळ योगायोगाने वर आहे.

‘होय’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले ते अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळच्या एका लष्करी रासायनिक कारखान्याकडून. तिथे 1962 पासून दूषित पाणी खोल विहिरीत दाबाने सोडत होते, आणि ज्या भागात भूकंप फारसे माहीत नव्हते तिथे धक्के बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने 1966 साली पाणी सोडण्याचे प्रमाण आणि धक्क्यांची संख्या शेजारी शेजारी मांडून दाखवली. यात वजनाचा प्रश्न नव्हता. दोन खडक विभंगाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, म्हणून ते सरकत नाहीत. भेगांतून पाझरत गेलेल्या पाण्याचा दाब त्यांना आतून किंचित अलग करतो, घर्षण घटते, आणि आधीच सरकण्याच्या बेतात असलेला खडक सरकतो. तलाव भूकंपाची ऊर्जा तयार करत नाही. ती तिथे असतेच, तलाव फक्त कडी काढतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत हरी नारायण, हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी यांनी 1968 पासून कोयनेच्या धक्क्यांचा अभ्यास छापायला सुरुवात केली. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांची धाटणी वेगळी असते, मुख्य धक्क्याआधी लहान धक्क्यांची गर्दी असते आणि नंतरचे धक्के हळूहळू ओसरतात, असे त्यांनी जगभरच्या जलाशयांशी तुलना करून दाखवले. तलाव किती वेगाने भरला, किती उंच भरला, पाणी किती काळ टिकले, या तिन्ही गोष्टींना महत्त्व आले. पातळी आठवड्याला बारा मीटरहून जास्त वेगाने चढली तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष पुढे निघाला. डोलणाऱ्या भांड्यांबद्दल बोलणाऱ्या गावकऱ्यांच्या अनुभवाला आता आलेख मिळाला.

या वादात एक गंमत होती. भूकंप तलावामुळे झाला असे म्हणायचे तर तलावाआधी तिथे धक्के बसत नव्हते हे सिद्ध करावे लागत होते. यंत्र नव्हते. मग पुरावा कोणता? खोऱ्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची आठवण. कालपर्यंत शास्त्राच्या दरबारात जिला पाट मिळत नव्हता, ती आठवण एकदम साक्षीदार झाली. आणि विरोधकांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले: कुणाला काही आठवत नाही, म्हणून काही झालेच नाही असे कसे म्हणता? हा मुद्दा बरोबर होता. फक्त तो 1962 च्या नकाशालाही तितकाच लागू होता, आणि तिथे तो कुणी लावला नव्हता.

विज्ञानाचे समाजशास्त्र अभ्यासणारे अशा प्रसंगी इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या मेंढपाळांचे उदाहरण देतात. चर्नोबिलनंतर 1986 साली शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने सरकारने तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर तीन आठवड्यांची बंदी घातली. डोंगरातली माती सपाटीसारखी वागत नाही हे शास्त्रज्ञांच्या हिशेबात नव्हते, आणि शेवटची बंदी उठायला 2012 साल उजाडले. ब्रायन विन यांनी या प्रसंगाचा अभ्यास करून दाखवले की मेंढपाळांचे डोंगराविषयीचे ज्ञान तज्ज्ञांनी मोजलेच नाही. कोयनेची गोष्ट मात्र तशी नाही. ‘लोकांना सगळे ठाऊक होते आणि तज्ज्ञ आंधळे होते’ असे मांडणे वाचायला बरे वाटते, पण ते खरे नाही. लोकांना धक्के कळत होते, कारण कळत नव्हते. तज्ज्ञांकडे कारणाचा सिद्धांत होता, पण तो धक्के समजून घ्यायला उपयोगी नव्हता. मधल्या कोनाड्यात खडकवासल्याची माणसे दोन नोंदवह्या घेऊन बसली होती.

कोयनेनंतर 1970 साली संहितेचा नकाशा बदलला. ज्या जागेला जवळजवळ निर्धोक म्हटले होते ती थेट चौथ्या पट्ट्यात गेली. पाच पट्ट्यांच्या नव्या उतरंडीत वरून दुसऱ्या क्रमांकावर. हा पट्टा फक्त कोयनेभोवती ओढलेला होता. पठाराच्या बाकीच्या मोठ्या भागाचे मूळ गृहीत जसेच्या तसे राहिले. नकाशा मेलेल्यांच्या मागून चालत होता. जिथे भूकंप झाला तिथे शाई गडद करायची, शेजारी पांढरे ठेवायचे.

धक्के थांबले नाहीत. दर पावसाळ्यानंतर आणि तलाव उतरताना कोयनेत हालचाल वाढते. शेजारच्या वारणा नदीवरचे धरण भरू लागल्यावर, 1993 पासून तिचा रोख थोडा दक्षिणेकडे सरकला. एकाच जागी पन्नास वर्षे भूकंप देत राहणारे असे ठिकाण जगात दुर्मीळ, म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोके पाडायला सुरुवात केली. कराडजवळ त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा झाली आणि 2017 पर्यंत तीन किलोमीटर खोल विवर पूर्ण झाले. लाव्हाचा थर कोयनेपाशी साधारण किलोमीटरभर जाडीचा निघाला आणि त्याखाली लगेच ग्रॅनाइटचा पाया. मध्ये गाळाचा थर नाही. तलावाखाली काय असेल याची कल्पना करण्यात ज्यांची पिढी गेली त्यांच्या नातवंडांच्या हातात त्या खडकाचे तुकडे आले.

पट्ट्यांच्या नकाशाचे पुढचे प्रकरण किल्लारीचे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरच्या त्या भागात 1992 पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. जमिनीतून आवाज येत होते आणि गावकरी घाबरले होते. ही जागा नकाशात पहिल्या, सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होती. कोयनेएवढा मोठा तलावही तिथे नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, जो भूकंप झाला त्यात सुमारे आठ हजार माणसे मेली. घरे होती ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या धाब्याची. कोयनानगरात मेले ते प्रकल्पाचे लोक, किल्लारीत शेतकरी.

संहितेची पुढची आवृत्ती 2002 साली निघाली. तिच्यात पट्टे चारच होते, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत. पहिला पट्टाच काढून टाकला.